कप्तानाची खोली बघून झाली, आता खलाशाची दाखवा

वीस चकत्या, ७९ भाग, आणि संडास एकही नाही. सगळा संच दोनदा बघून झाल्यावर हे लिहितोय, तेव्हा घाईघाईत मत बनवले असे कुणी म्हणू नये.

अवकाशयानावर घडणाऱ्या 'स्टार ट्रेक' ह्या अमेरिकन मालिकांपैकी मूळ मालिकेचा हा ब्लू-रे संच मला भाच्याने दिला. भाचा क्रूझ जहाजावर केबिन साफ करतो. आठ-नऊ महिने पाण्यावर आणि दोन-अडीच महिने घरी, असा त्याचा संसार. गेल्या चवथीला आला तेव्हा माटोळी बांधायच्या गडबडीतच माझ्या हातात खोका ठेवून म्हणाला, "मामा, हे तुझ्यासाठी. जहाजच आहे, बघ कसे काय वाटते ते." किंमत विचारली तर सांगितली नाही. म्हणजे महाग असणार.

मला दिले त्याला कारण आहे. मी ३१ वर्षे गोव्यात झुवारीकाठच्या एका जहाजबांधणी यार्डात ड्राफ्ट्समन होतो. बार्जी, टग, फेरीबोटी, एखाद-दुसरा कोस्टर. हल आणि इंजिन रूमची ड्रॉइंगे वरच्या साहेबांकडे, माझ्याकडे अकोमोडेशन. माणसे झोपणार कुठे, जेवणार कुठे, अंघोळ कुठे करणार, आषाढात ओले कपडे कुठे वाळत घालणार, हे सगळे उरलेल्या जागेत कोंबून बसवायचे ते मी. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्जी ओळीने नांगरून राहिल्या, यार्डात गंज खरवडायचेही काम उरले नाही, तेव्हा घरी बसलो. पण सवय गेली नाही. कुणी जहाज दाखवले, मग ते समुद्रातले असो की आकाशातले, माझी नजर आधी बंकच्या, म्हणजे झोपायच्या फळीच्या, मापावर जाते.

ही मालिका मला अगदीच नवी नव्हती. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. फोंड्याला शेजाऱ्यांच्या सोप्यावर चौदा-पंधरा माणसे दाटीवाटीने बसून बघायची. इंग्रजी अर्ध्यांना कळत नसे, पण दार 'सुस्स' करून आपोआप उघडले की सगळ्यांना कळायचे. (ती दारे दोन माणसे पलीकडे उभी राहून दोरीने ओढायची, हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले. आमच्या यार्डातल्या एका टगचे 'हायड्रॉलिक' दार वर्षभर असेच चालत होते.) कृष्णधवल पडद्यावर मला वाटायचे, यान राखाडी आहे. आता बघतो तर काय, ब्रिजचा, म्हणजे यान चालवायच्या खोलीचा, कठडा लालभडक, खोल्यांच्या भिंतींवर जांभळा-हिरवा उजेड, कन्सोलवरची बटणे रंगीत खडीसाखरेसारखी. चित्राची प्रत इतकी स्वच्छ आहे की प्लायवूडचा सांधा कुठे आहे ते दिसते. त्याबद्दल तक्रार नाही, मला सांधेच बघायचे होते.

एक सोय ह्या संचात फार चांगली केली आहे. २००६ नंतर यानाची बाहेरची दृश्ये कॉम्प्युटरवर नव्याने करून घातली. ब्लू-रेमध्ये जुनी आणि नवी दोन्ही आहेत, रिमोटवरून हवी ती निवडायची. भाचा नवी लावतो. मी जुनी लावतो. जुन्यात खरे मॉडेल आहे, साडेतीन मीटरच्या आसपास लांब, लाकूड आणि प्लास्टिकचे, हाताने रंगवलेले. त्याच्या डाव्या बाजूने दिव्यांच्या तारा बाहेर काढल्या होत्या, म्हणून शूटिंग बहुतेक उजव्या बाजूनेच करायचे. डावी बाजू हवीच असली तर नंबर उलटा चिकटवून फिल्म पालटायची. चवथीच्या मखराला मागून जाऊन बघावे तसे ते आहे, समोरून कैलास आणि मागून खोक्याचा पुठ्ठा. हे मॉडेल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. भाच्याचे जहाज बाल्टिमोरला लागायचे तेव्हा तो सुटीच्या दिवशी जाऊन बघून आला. मी फोनवर सांगितले होते, डाव्या बाजूने फोटो काढ. सगळे लोक उजव्या बाजूला उभे आणि हा एकटाच डावीकडे, असे म्हणाला.

आता जहाजाकडे येतो. एंटरप्राइज, नंबर एनसीसी-१७०१, लांबी २८९ मीटर, माणसे ४३०. हे आकडे मी तोंडपाठ केले, कारण त्यावरच पुढचे सगळे उभे आहे. आपले नवे विक्रांत २६२ मीटर आहे आणि त्यावर माणसे सुमारे १,६००. म्हणजे एंटरप्राइज विक्रांतपेक्षा लांब आणि माणसे पाव हिश्श्याच्या थोडीशी वर. शिवाय विमाने नाहीत, इंधनाच्या टाक्या नाहीत, नांगराची साखळी नाही. एवढी जागा मला कुणी दिली असती तर मी बार्जीत देवघर काढून दिले असते.

हे यान ज्याने काढले तो मॅट जेफ्रीज. मालिकेचा कर्ता म्हणून जीन रॉडनबेरीचे नाव सगळे घेतात. माझा नमस्कार जेफ्रीजला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर काम केलेला, स्वतः विमान चालवणारा माणूस. त्याचा विचार साधा होता. इंजिने एवढ्या ताकदीची असतील तर ती माणसांपासून लांब ठेवा, म्हणून ती दोन नळकांडी खांबांवर बाहेर काढली. आणि बाहेरच्या अंगाला काहीही ठेवू नका, कारण जे बिघडते ते दुरुस्त करायला माणसाला बाहेर जावे लागते. सगळे आतून हाताला आले पाहिजे. म्हणून कवच गुळगुळीत. यानाचा इंजिनियर स्कॉटी ज्या तिरक्या नळीत पाना घेऊन चढतो, त्या नळीला पुढे जेफ्रीजचेच नाव पडले. ह्याहून मोठे पदक ड्राफ्ट्समनला नको. आमच्याकडे एक व्हॉल्व्ह अशा कोपऱ्यात बसवला होता की फिरवायला माणसाला पालथे पडून डावा हात खांद्यापर्यंत आत घालावा लागे. त्याला माझे नाव पडले होते. पण ते इथे लिहिण्यासारखे नाही.

जेफ्रीजच्या कामात एक गंमत मात्र राहून गेली आहे, आणि ती शोधणारे माझ्यासारखेच लोक होते. बाहेरून बघा, यानाच्या डोक्यावर ब्रिजचा घुमट आहे आणि त्याच्या बरोबर मागे, मध्यरेषेवर, लिफ्टच्या नळीचा उंचवटा. आता आतून बघा. कप्तान मधल्या खुर्चीत, समोर पडदा, आणि लिफ्टचे दार त्याच्या पाठीमागे सरळ नाही, डाव्या हाताला सरकलेले. आतली लिफ्ट बाहेरच्या उंचवट्यात बसवायची तर अख्खा ब्रिज फिरवावा लागतो. १९७५ साली फ्रान्झ जोसेफ नावाच्या विमान कारखान्यातल्या माणसाने ह्या यानाचे बारा पानी नकाशे काढले, त्यात त्याने तेच केले, ब्रिज ३६ अंश वळवला. म्हणजे कप्तान कर्क नाकासमोर बघून "पुढे चला" म्हणतो तेव्हा तो खरे तर डावीकडच्या कोपऱ्याकडे बघत असतो. हे मी बायकोला पेपरवर काढून दाखवले. ती म्हणाली, "आमच्या देवळाचे अध्यक्ष तसेच बसतात."

बाकी ब्रिज छान आहे. गोल, सगळ्यांची तोंडे आपापल्या कामाकडे, कप्तानाला मान वळवली की प्रत्येकाची पाठ दिसते. एक पट्टा तेवढा बांधायला हवा होता. यानाला जरा धक्का बसला की सगळी मंडळी खुर्चीतून उडून पडतात, पुढच्या भागात पुन्हा तीच खुर्ची, पुन्हा पट्टा नाही. फेरीबोटीवरसुद्धा आम्ही धरायला दांडा देतो. कॉरिडॉरमध्येही मला कुठे कठडा दिसला नाही.

कॉरिडॉर मात्र एकदा थांबवून बघा. एकच वळणदार रस्ता आहे स्टुडिओत. तोच ह्या डेकचा, तोच त्या डेकचा, पाटी बदलली की झाले. मीटिंगची खोली पुढच्या भागात मनोरंजनाची होते. कर्कची केबिन आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची, स्पॉकची, केबिन एकच, पडदे बदलायचे आणि उजेड लाल करायचा. इंजिन रूममध्ये जाळीमागे ज्या चमकणाऱ्या नळ्या लांबवर गेलेल्या दिसतात, त्या लांब नाहीतच. मागे जाताना आकाराने लहान लहान करत नेल्यात, म्हणून डोळा फसतो. पेडण्याच्या बाजूला दहीकाल्याच्या नाटकाला मी लहानपणी रात्र रात्र बसलेला माणूस आहे. एक बाकडे, एक पडदा. संकासुर आला की ते बाकडे समुद्र आणि राजा बसला की सिंहासन. बाकडे बदलत नाही म्हणून कुणी उठून गेलेले मी पाहिले नाही. तेव्हा सेट स्वस्तातला म्हणून हसणाऱ्यांशी माझे जमत नाही. भाच्याशीसुद्धा ह्यावरून वाजले.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे केबिन.

समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा. भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात खलाशाची खोली किती मोठी हवी हे लिहिलेले आहे. तीन हजार टनांच्या आतल्या जहाजावर एका माणसाच्या खोलीला निदान साडेचार चौरस मीटर, दहा हजार टनांच्या वर सात चौरस मीटर. बंक १९८ सेंटीमीटर लांब आणि ८० रुंद, छत २०३ सेंटीमीटरांच्या खाली नको. सहा माणसांमागे एक संडास, एक बेसिन, एक न्हाणी. एकावर एक दोनच बंक, तिसरा नाही. आमच्या बार्जी नदीतल्या, त्यांना हा करार लागू नव्हता. पण मी तो मागवून वाचला होता, आणि जमेल तिथे गुपचूप लावायचो.

कर्कच्या खोलीचे चित्र थांबवून मी टीव्हीला फूटपट्टी लावली. खाट दोन मीटर धरली तर खोली चौदा चौरस मीटरांच्या वर आरामात जाते. मध्ये जाळीचे पार्टिशन, इकडे टेबल, तिकडे खाट. उत्तम. कप्तानाला ती शोभते. स्पॉकलाही. डॉक्टर मॅकॉयचा सिकबे, म्हणजे दवाखाना, तर फारच चांगला. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी फलक, नाडी ठोक ठोक वाजते, नर्सला लांबून दिसते. करारात पंधरा माणसे आणि तीन दिवसांच्या वरचा प्रवास असला की आजाऱ्यांची वेगळी खोली लागते, इथे तर चारशे तीस माणसे आणि पाच वर्षांचा प्रवास. पैकीच्या पैकी.

पण मग मी वही घेऊन बसलो आणि लिहायला लागलो, कुणाकुणाची खोली दिसली. कप्तान. स्पॉक. डॉक्टर. कप्तानाची मदतनीस योमन रँड, तिची खोली दिसते, ती काही मोठी अधिकारी नव्हे, ते एक बरे. पण लाल शर्ट घालून जी पोरे खाली ग्रहावर उतरतात आणि पाचव्या मिनिटाला मरतात, ती सकाळी कुठल्या बंकवरून उठून आली? त्यांच्यापैकी एकाचाही पलंग मला ७९ भागांत भेटला नाही. एका भागात यानावर लग्न लागायच्या बेतात असते, देऊळवजा खोलीही आहे, तेवढ्यात लढाई सुरू होते आणि नवरामुलगा मरतो. त्याच्या खोलीत दोन खाटा जोडून ठेवल्या होत्या का, कुणी त्या पुन्हा वेगळ्या केल्या? अकोमोडेशनवाल्याला असले प्रश्न पडतात.

मला ते का टोचते, हे सांगतो. एक बार्ज होती. मालकाला होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या पोकळीत, खनिज जास्तीत जास्त मावायला हवे होते, साहेब म्हणाले मागची बल्कहेड, म्हणजे होल्डची भिंत, आणखी मागे घे. मी घेतली. खलाशांची खोली जनरेटरच्या डोक्यावर गेली. कागदावर ती चांगली दिसत होती, चार बंक, चार कपाटे, एक पंखा. नारळ फुटला, बार्ज पाण्यात गेली, पेढे वाटले. महिन्याभराने त्या बार्जीचा ड्रायव्हर, म्हणजे इंजिन ड्रायव्हर, यार्डात आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, एक रात्र आमच्याकडे झोपायला या." गेलो. भंडाऱ्याने, म्हणजे बार्जीवरच्या स्वैपाक्याने, बांगड्याचे हुमण आणि शीत वाढले, हसत खेळत जेवलो. मग खालच्या बंकवर आडवा झालो. उशाशी फळीवर स्टीलचा पेला ठेवला होता पाण्याचा. जनरेटर लागला. पेला चालायला लागला. खरेच, चालत चालत फळीच्या टोकाला गेला, मी पकडला, मागे ठेवला, पुन्हा निघाला. रात्रभर मी आणि तो पेला. वरच्या बंकवरचा पोरगा रत्नागिरीकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा, गाढ झोपला होता. त्याने पेल्याखाली ओला पंचा घालायची युक्ती सकाळी सांगितली. पुढच्या बार्जीत मी ती खोली पुढे घेतली आणि खाली रबराचे पॅड मागितले. पहिल्या बार्जीचे काही करता आले नाही. ती अजूनही कुठेतरी नांगरून असेल.

आवाजाच्या बाबतीत ह्या मालिकेला मी पूर्ण गुण देतो. एंटरप्राइज कधीच गप्प नसते. ब्रिजवर एक आवाज, कॉरिडॉरमध्ये दुसरा, इंजिन रूममध्ये तिसरा. कान देऊन ऐकले तर डोळे मिटूनही सांगता येते, आपण कुठे उभे आहोत. ज्याने हे केले तो कधीतरी जहाजावर झोपलेला असावा असे वाटते. माझे काका १९६१ च्या आधीपासून तारवटी. पोर्तुगीज पासपोर्टवर मुंबईला जाऊन मालवाहू जहाजावर आगवाला म्हणून लागले होते. जहाजाच्या नाकाच्या टोकाशी आठजणांची खोली, लाट आपटली की दात वाजायचे म्हणत. घरी सुटीवर आले की पहिले तीन-चार दिवस त्यांना झोप लागायची नाही, गावात आवाजच नसायचा. आजी मग परसातल्या पंपाशेजारच्या पडवीत त्यांचे अंथरूण घालायची.

ओले कपडे इंजिनाच्या केसिंगवर वाळवायचे, हेही त्यांनीच सांगितलेले. एंटरप्राइजवर धोबीघाट नाही. सगळ्यांचे शर्ट सदा नवे. गंमत अशी की स्टुडिओत मात्र त्याच शर्टांनी पीडा केली होती. पहिली दोन वर्षे वेलोरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे, शर्ट होते, ते धुलाईला गेले की आखडून परत यायचे, म्हणून तिसऱ्या वर्षी नायलॉन आणले. पडद्यामागे धुलाईची एवढी अडचण आणि पडद्यावर साधी एक दोरी नाही बांधलेली.

जेवणाचे मी थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच आहे. भिंतीत एक खिडकी, त्यात चकती घालायची, झडप वर जाते, ताट तयार. ताटात रंगीत चौकोनी तुकडे. लाल, हिरवे, पिवळे. आमच्या सत्यनारायणाला शिऱ्याच्या वड्या पाडतात तशा, पण चवीची खात्री नाही. एका भागात कर्कला चिकन सँडविच आणि कॉफी हवी असते आणि खिडकीतून येतात केसाळ गोळे, ते मात्र मी तीनदा बघितले. भंडारी कुठे दिसत नाही. एकदा फक्त आवाज येतो. पहिल्या वर्षातल्या एका भागात गॅलीतून फोन येतो की भट्टीत खिम्याचा मीटलोफ घातला होता आणि आता आत खरे टर्की पक्षी आहेत. तो आवाज खुद्द रॉडनबेरीचा. म्हणजे अख्ख्या जहाजाचा मालक स्वैपाकघरात उभा आणि तोंड दाखवायला लाजतो. जहाजावरची माणसे एकमेकांशी बोलतात की नाही हे भंडाऱ्यावर असते, कप्तानावर नसते. खिडकीतून ताट घेणाऱ्या माणसाला "आज मीठ जास्त झाले रे" म्हणायला तरी समोर कुणी हवे.

पुढे १९९१ च्या सहाव्या चित्रपटात एंटरप्राइजवर खरी गॅली दाखवली, भांडी, पातेली, शिजणारे काहीतरी. आणि एकावर एक बंकही दाखवले. मालिका सुरू झाली १९६६ ला, म्हणजे खलाशाला झोपायला पंचवीस वर्षे थांबावे लागले. तो चित्रपट ह्या संचात नाही.

नंतरच्या मालिकेतले, १९८७ चे एंटरप्राइज भाच्याला आवडते. बेचाळीस डेक, हजारावर माणसे, बायकापोरे बरोबर, शाळा, बार, मनाचे दुखणे ऐकायला एक बाई. मला ते पणजीच्या चांगल्या हॉटेलच्या लॉबीसारखे वाटते. सगळीकडे गालिचा. जहाजात गालिचा घालायला सांगणारा मालक मला एकदाच भेटला होता, दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावर अळंबी आली. पण भाचा म्हणाला, "मामा, आमच्या जहाजावरही गालिचा आहे. पॅसेंजरच्या डेकवर. आमच्या डेकवर रबर आहे, आणि मधे एक दार आहे, त्याच्यावर आरसा लावलाय. बाहेर जायच्या आधी त्यात बघून हसायचे, असे शिकवतात." त्याची खोली पाण्याच्या पातळीच्या खाली, दोघांत एक. दुसरा मुलगा फिलिपिन्सचा. पाळ्या उलट्या, त्यामुळे एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो, सहा महिन्यांत दोघांचे नीट बोलणे झाले नव्हते.

त्यानेच मग मला 'रेड ड्वार्फ' दाखवले. बीबीसीचे, १९८८ चे, विनोदी. जहाज मैलोगणती लांब आणि आपल्याला दिसते ती दोन बंकांची राखाडी खोली. त्यात राहणारे दोघे जहाजावरचे सगळ्यात खालचे तंत्रज्ञ, काम काय तर सूप देणाऱ्या मशिनची तुंबलेली नळी साफ करणे. पहिल्या दहा मिनिटांत मी बसल्या जागी टाळी वाजवली. हे जहाज मला ओळखीचे आहे. ड्रॉइंग म्हणून ते जेफ्रीजच्या पासंगालाही पुरत नाही, भिंती नुसत्या करड्या फासल्यात. पण ज्यांनी लिहिले त्यांना माहीत होते की दुसऱ्याच्या वस्तू आपल्या फळीवर आल्या की माणूस कसा पेटतो.

संचाबद्दल उरलेले. सबटायटल इंग्रजीत आहेत, अक्षर मोठे आहे, साठीच्या डोळ्यांना पुरते. माझ्या संचातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका चकतीवर चरा होता आणि ती अर्ध्यावर अडकायची. भाच्याने ज्या दुकानातून घेतला ते दुकान समुद्रापलीकडे, त्यांनी ईमेलला उत्तर दिले की पावती घेऊन समक्ष या. म्हणून तो एक भाग मी शेवटच्या बारा मिनिटांशिवाय दोनदा बघितला आहे. घेणार असाल तर खोका उघडून प्रत्येक चकती उजेडात तिरकी धरून बघा. आणि आपल्याकडे पावसाळ्यात कागदी कव्हराला बुरशी धरते, तेव्हा तांदळाच्या डब्यात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या घालून ठेवा. चित्राला आणि आवाजाला माझे पाचपैकी पाच. यानाच्या अकोमोडेशनला साडेतीन, आणि तेही जेफ्रीजकडे बघून.

कापलेल्या दीड गुणाचे काय करायचे, ते मी ठरवले आहे. ४३० भागिले सहा, ७२ संडास. फ्रान्झ जोसेफच्या नकाशात पार बुडाशी बोलिंग खेळायची गल्लीसुद्धा आहे, म्हणजे जागेची अडचण सांगू नका. दिवाळीनंतर जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून खाली काढला, रोटरिंगची पेने गरम पाण्यात भिजत घातली, मडगावहून ट्रेसिंग पेपरचा रोल आणला. बशीच्या आकाराच्या भागापासून सुरुवात केली, कारण बहुतेक माणसे तिथेच झोपत असणार. न्हाणी आणि संडास पाठीला पाठ लावून, ओल्या भिंती एकावर एक, म्हणजे पाइप सरळ खाली उतरतील. खलाशांच्या खोल्या दोन बंकांच्या, प्रत्येकाला कुलपाचे कपाट, दर वीसजणांमागे कपडे वाळवायची एक उबदार खोली. आतापर्यंत ३१ संडास झाले. भाच्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, "मामा, दार आतल्या बाजूला उघडतेय, माणूस उठणार कसा?" बरोबर होते. ब्लेडने खरवडून पुन्हा काढले.

बत्तीसाव्याला अडलोय. झोपायच्या खोलीवरून मैलापाण्याची पाइप न्यायची नाही, हा नियम मी आयुष्यात कधी मोडला नाही. आणि इथे काहीही केले तरी ती स्पॉकच्या खाटेवरून जाते.